अलमेलू मामीची मराठी

अलमेलू मामी भाजीसुद्धा अभंगाच्या मराठीत घ्यायची. मोहोपाड्याच्या कारखान्याच्या वसाहतीत तळमजल्याच्या खिडकीशी उभी राहून ती माझ्या आईला हाक मारायची, "हिरा, मज दोन जुड्या पालक दे. सत्वर दे गे, कुकर ठेविला आहे." आई डोक्यावरची टोपली उतरवायची आणि पदर तोंडाला लावून हसत सुटायची. "ऐकलंस गं?" असं मला म्हणायची. "कुकर ठेविला हाय म्हनं! ही बाय द्येवाच्या पोथीतलं बोलते." मामीलाही हसू यायचं. मग ती मुद्दाम आणखी जुना एखादा शब्द काढायची, आणि आईला टोपलीच्या काठाला धरून खालीच बसावं लागायचं.

मामीला मराठी कशी आली, ते तिनं मला पुष्कळदा सांगितलं होतं. तिचं माहेर कुंभकोणम्‌जवळचं एक खेडं. त्या भागात तंजावरच्या मराठ्यांचं राज्य होतं, तेव्हापासून तिकडच्या भजनात मराठी अभंग म्हणतात. तिचे आजोबा, म्हणजे तिचे ताता, रोज संध्याकाळी झांजा घेऊन बसायचे आणि नातीकडून एकेक अभंग पाठ करून घ्यायचे. अर्थ तातांनाही ठाऊक नव्हता. कुठं काय आळवणीचं आहे आणि कुठं भांडण आहे, एवढं चालीवरून त्यांना कळायचं. ही भाषा आता कुणी बोलत नाही, ती देवाची आहे, असं त्यांनी मामीला सांगितलं होतं आणि तिनंही ते खरं मानलं होतं.

लग्न होऊन ती मोहोपाड्याला आली. नवरा, रामनाथन मामा, कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात एकटी होती. बाहेरून एक बाई ओरडत गेली, "ताजी भाजी हाय गं, घ्या गं माय!" मामी हातातलं टाकून धावत बाहेर आली. "कन्ना," ती मला लाडानं म्हणायची, "मज वाटले, देवळातली मूर्तीच रस्त्यावर येऊन पालक विकते आहे." ती बाई म्हणजे माझी आई. मामीला काय बोलावं सुचेना, म्हणून तिनं पाठ असलेल्या अभंगाची पहिली ओळ म्हटली. आईनं टोपली डोक्यावर तशीच ठेवून दुसरी ओळ म्हटली. मग नाव विचारलं. अलमेलू ऐकून आई म्हणाली, "हे कसलं गं नाव? आले नि मेलू? मंग मधी काय क्येलंस?" मामीला त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण आई हसली म्हणून तीही हसली.

आमचं गाव पाताळगंगेच्या पलीकडे. भाताची थोडी शेती होती. पावसाळा संपला की आई बांधावरची भाजी वसाहतीत नेऊन विकायची. गावच्या देवळात पुरुषांचं भजन व्हायचं आणि बाया मागे बसून ऐकायच्या. एकदा आईबरोबर मामी आली, शेवटपर्यंत बसली, आणि बाहेर पडताना तिनं विचारलं, "स्त्रियांचे मंडळ कोठे आहे?" आई म्हणाली, नाय. "का नाही?" मामी म्हणाली.

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी मामीच्या हॉलमध्ये सतरंजी पडायला लागली. वसाहतीतल्या दोघीचौघी आणि आमच्या गावच्या सातआठ जणी. गावच्या बायांना आधी त्या गुळगुळीत फरशीवर बसायचाही संकोच वाटायचा. मामी प्रत्येकीला स्टीलच्या पेल्यातून कॉफी द्यायची आणि लगेच टाळ हातात द्यायची. मामांनी मृदंगम् काढला. शाईच्या ठिपक्यासारखे दिसणारे, अबोल मामा वाद्य मांडीवर आलं की वेगळेच व्हायचे. पुढं त्यांनी आमच्या गावच्या दोन तरुणांना ठेका शिकवला, आणि आज खालापूर तालुक्यात पखवाजाला ज्यांना आवर्जून बोलावतात ते त्यांचेच चेले आहेत.

मामी पहिली ओळ एकटी म्हणायची. तिचा आवाज जाडसर होता, पण वर चढताना त्याला धार यायची. ती ओळ संपली की आम्ही सगळ्याजणी उचलायचो. चुकलं की ती हात वर करून थांबवायची. "असे नाही गे. देवाला रागे भरायचे आहे येथे. तू तर त्याला चहा विचारते आहेस."

तिचे उच्चार मात्र तमिळच राहिले. भाजीला ती बाजी म्हणायची, घराला गर, भाताला बात. उलट आमच्या गावच्या बोलीत ळ नाही. डोळ्याला आम्ही डोला म्हणतो. मामीचा ळ असा ठसठशीत की ऐकत राहावं. "हिरा, डोला काय? जीब वर ने, टाळूला लाव. डोळा." आई प्रयत्न करायची, जमायचं नाही. मग आई म्हणायची, "तू आधी भात म्हन, मंग मी डोला म्हनते." दोघींचं हे भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि दोघींपैकी कुणीही सुधारली नाही. सुधारायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

मंडळाचं नाव झालं. सत्यनारायण, सप्ताह, बारसं, कुठूनही बोलावणं यायचं. नवरात्रात मामी घरात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडायची. तिच्या माहेरच्या लाकडी देवदेवतांच्या खाली आमच्या गावच्या बायांनी आणलेल्या बाहुल्याही असायच्या. मातीचा बैल, सुपडं धरलेली बाई, आईनं चिंध्यांची केलेली एक कोळीण. तीन दिवस तरी तिथं भजन व्हायचं आणि वसाहत दाराबाहेर चपला काढून उभी असायची. मी मामीच्याच घरी अभ्यास करून दहावी झाले, पुढं शिक्षिका झाले, कर्जतला नोकरी लागली आणि तिथंच राहिले. पण सुट्टीत गुरुवार आला की माझे पाय आपोआप तिकडे वळायचे.

मग ती स्पर्धा झाली.

तालुक्यातल्या महिला भजनी मंडळांची स्पर्धा होती, एका गावच्या देवळापुढच्या मैदानात. मंडप भरलेला. आमचं मंडळ सर्वांत जुनं, म्हणून शेवटी. मी त्या दिवशी प्रेक्षकांत होते. मामी हिरवी कांजीवरम नेसली होती, शेजारी टाळ घेऊन आई, मागे मृदंगम् घेऊन मामा. अभंग आळवणीचा होता. भेटीसाठी व्याकूळ झालेल्या माणसाचा. मामीनं पहिली ओळ घेतली आणि मंडपातली कुजबुज थांबली. मी तिला इतकं चांगलं गाताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

ते संपल्यावर प्रमुख पाहुण्यांनी माइक घेतला. पुढारी होते, निवडणूक जवळ आली होती. ते म्हणाले, "आवाज गोड हाय बाईंचा. पन बाई, म्हाराष्ट्रात र्‍हाता तर मराठी जरा शिकून घ्या की. देवाकडं भेटी मागायची सोडून तुमी बेटी मागताय!" आणि त्यांनी मामीची ओळ तिच्याच चालीवर, तिच्याच उच्चारांत म्हणून दाखवली. नक्कल चांगली जमली. मंडप हसला. पुढच्या रांगेतली पोरं 'बेटी, बेटी' करून ओरडली.

मामी स्टेजवर बसून होती. तिच्या चेहऱ्यावर अजून गाण्यातलंच काहीतरी होतं. तिनं मान वळवून आईकडे पाहिलं.

आई हसत होती.

मी आईला ओळखते. त्या हसण्यात वाईट काहीही नव्हतं. मामीची मराठी ऐकली की हसायची तिला वीस वर्षांची सवय होती, आणि त्या दिवशी ते हसू नेहमीसारखंच आपसूक आलं. मामीची नजर पडताच ते विरलंही. पण मामीनं ते पाहिलं होतं. तिनं टाळ खाली ठेवले, मामांना हात देऊन उठवलं आणि स्टेजवरून उतरली. परतताना टेंपोत मामा मृदंगम् मांडीवर घेऊन बाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी आई नेहमीसारखी टोपली घेऊन खिडकीशी गेली. मामी आली आणि म्हणाली, "पालक कैसा दिया?"

आईला आधी वाटलं, थट्टा आहे. ती म्हणाली, "अगं, हे काय नवीन?" मामीनं पुन्हा शांतपणे विचारलं, "कैसा दिया?" आईनं जुडी दिली, मामीनं घेतली, "थँक यू" म्हणाली आणि खिडकी लावून घेतली. मी सुट्टीवर घरी होते. आई लवकर परत आली. टोपली भरलेलीच होती. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "माझ्याशी हिंदी बोलली गं ती."

गुरुवारची सतरंजी पुन्हा अंथरली गेली नाही. मामी गुडघ्यांचं कारण सांगायची. बायांनी पुष्कळ विनवण्या केल्या, मामांनीही समजावलं. ती सगळ्यांशी हसून बोलायची, कॉफी करायची, पण हिंदीत. मराठीचा एक शब्द तिच्या तोंडून बाहेर पडेना. नवरात्रात बाहुल्या मांडल्या, पण कुणी गायलं नाही. लोक दर्शन घेतल्यासारखं करून उसळीचा प्रसाद घेऊन जायचे.

आईनं एकदा धीर केला. मांडवावरचं पहिलं पडवळ घेऊन ती मामीच्या दारात गेली, मला बरोबर घेऊन. उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "बाय, मी हासले. माझं चुकलं. दोन थोबाडीत मार, पन अशी नको वागूस."

मामीचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं. पण ती म्हणाली, "अरे, कुछ नहीं हुआ, हिराबाई. आप अंदर आइये, बैठिये. कॉफी पीजिये."

आई आत गेली, बसली, कॉफी प्यायली. पुलावरून परतताना मधेच थांबली आणि कठडा धरून म्हणाली, "हिराबाई म्हनली. आप म्हनली मला." खाली पाताळगंगा वाहत होती. आई बराच वेळ तिथून हलली नाही.

त्यानंतरही आई भाजी देत राहिली, मामी घेत राहिली. दोघींच्या मधे ती खिडकी तेवढी राहिली. अशी काही वर्षं गेली. मामा निवृत्त झाले, क्वार्टर सोडून ते दोघं मोहोपाड्यातच एका लहान फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथं खिडकी तिसऱ्या मजल्यावर होती. आईनं भाजी विकणं थांबवलं.

मग आईच्या पोटात दुखायला लागलं. मुंबईला नेलं, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, घरी न्या. आम्ही तिला गावी आणलं. तिला माहीत होतं. ती कुणाला काही मागत नव्हती. एका सकाळी मी तिचे केस विंचरत असताना ती म्हणाली, "अलमेलूला सांगशील?"

मी त्याच दुपारी गेले. दार मामीनंच उघडलं. मी आईचं सांगितलं. ती ऐकत असतानाच चपला शोधायला लागली, एक पायात घातली आणि दुसरी हातात घेऊन उभी राहिली. मामा म्हणाले, "थांब, रिक्षा बोलावतो." ती थांबली नाही, जिना उतरायला लागली.

आमच्या पडवीत खाटेवर आई डोळे मिटून पडली होती. मामी खाटेच्या कडेला बसली आणि आईच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "हिरा, मी आले आहे. फार दुखतं का गं तुला?"

मराठीत. पण मी दचकले. ते 'मज' नव्हतं, 'सत्वर' नव्हतं, आणि प्रत्येक अक्षर जिथल्या तिथं होतं.

आईनं डोळे न उघडता विचारलं, "कोन आलंय?"

"मी. अलमेलू."

आईनं डोळे उघडून तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला आवाजच ओळखू आला नव्हता. मामा दाराशी उभे होते. ते मला हळूच म्हणाले, "रोज टीव्हीवर मराठी बातम्या लावून बसायची. ती बातम्यावाली बाई बोलेल तसं मागून बोलायचं. भ, घ, थ. किती वर्षं. मी विचारलं, आता कुणासाठी शिकतेस? तर टीव्हीचा आवाज वाढवायची."

आईनं मामीचा हात छातीवर ओढून घेतला. "बोललीस माझ्याशी," ती म्हणाली. "बरं झालं. आता एक म्हन."

मामी सरळ बसली. टाळ नव्हते, तिनं मांडीवर ठेका धरला. तोच आळवणीचा अभंग घेतला. आवाज थकला होता, पण सुरात होता. आणि शब्द असे निर्मळ की कुणा पुढाऱ्याला बोट ठेवायला जागा राहू नये. भेटीतला भ स्वच्छ, भरलेला होता. शेजारच्या बाया पडवीच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्या डोळे पुसत होत्या.

आई शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "लय ग्वाड. पन ही तू नाय."

मामी तिच्याजवळ सरकली.

"तुझं म्हन ना, बाय. पयल्यावानी. मला तुझं ऐकायचं हाय."

मामीनं मान डोलावली आणि पुन्हा सुरुवात केली. त्या शब्दाशी आली आणि भ तसाच स्वच्छ उमटला. ती थांबली. तिनं पुन्हा घेतलं. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा दिसत होत्या, आणि पुन्हा तेच. जुना उच्चार आणायचा ती जीव तोडून प्रयत्न करत होती आणि तो येत नव्हता. तोंडातून बातम्यांमधली ती बाईच निघत होती. शेवटी तिनं आईच्या हातावर डोकं टेकलं.

"येत नाही गं, हिरा. गेलं ते."

आईनं दुसऱ्या हातानं तिचे केस सारखे केले. "र्‍हाऊ दे," म्हणाली. "मीच घालवलं."

"नाही," मामी म्हणाली. "नाही, नाही." एवढंच म्हणत राहिली.

त्यानंतर मामी रोज यायची. आईशेजारी बसायची, तिला भाताची पेज चमच्यानं भरवायची. त्याच आठवड्यात एका सकाळी आई गेली. मामीनं तिला हळदीकुंकू लावलं, केसांत अबोली माळली. नदीवर बाया जात नाहीत, म्हणून ती अंगणाच्या कडेला उभी राहिली आणि माणसं दिसेनाशी झाली तरी आत आली नाही.

वर्षभरात मामांना दिसेनासं झालं. त्यांचा मुलगा तिरुचिरापल्लीला होता, त्यानं दोघांना तिकडे न्यायचं ठरवलं. चेन्नईकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, घाट चढायला मागून इंजिन लावतात तेवढा वेळ. मी आधीच सांगून ठेवलं होतं त्याप्रमाणे मामी माझ्या घरी आली, जेवली, आणि दुपारी आम्ही फलाटावर बसलो. मुलगा आणि मामा सामानापाशी होते.

मी तिला त्या दिवसाबद्दल कधी विचारलं नव्हतं. तीच बोलायला लागली.

"कन्ना, हिरा हसली याचं मला दुःख नव्हतं. ती पहिल्या दिवसापासून हसतच होती. तिच्या हसण्यावर मी मराठी शिकले. पण त्या दिवशी तो माणूस माझ्यासारखं गायला, आणि मी बाहेरून कशी ऐकू येते, ते मला पहिल्यांदाच कळलं. ते एकदा ऐकल्यावर तोंड उघडवत नाही. राग त्या माणसाचा होता. पण तो कुठला कोण, स्टेजवरून उतरून गाडीत बसून निघून गेला. हाताशी हिरा होती. म्हणून सगळी शिक्षा तिला दिली. वाटायचं, उद्या सोडून देऊ. उद्या बोलू. मग ते सोडायचं कसं तेच कळेना."

"आईला कळलं होतं, मामी," मी म्हणाले.

"कळलं होतं, म्हणून तर," ती म्हणाली.

गाडी आली. मामांना चढवलं, सामान चढवलं. मामीनं दारातून माझा हात धरला होता, तो गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

तिकडून फोन यायचे. मामांची तब्येत, मुलाची पोरं, पाऊस. गाण्याचा विषय मी काढायची आणि ती बदलायची. गेल्या वर्षी मामांचा फोन आला. ते आधी तमिळमध्ये काहीतरी बोलले, मग भानावर येऊन मराठीत म्हणाले, "अलमेलू गेली. पहाटे. काही त्रास झाला नाही." मग म्हणाले, "तुम्ही तिकडे काही म्हणाल का, तिच्यासाठी?"

मी गावी गेले. मंडळातल्या ज्या उरल्या होत्या त्या सगळ्या दुपारी देवळात जमल्या. वसाहतीतल्याही दोघी आल्या, आता म्हाताऱ्या झालेल्या. मामांचा एक चेला पखवाज घेऊन आला. टाळ वाटले गेले. त्यानं ठेका धरला आणि आम्ही सगळ्याजणी वाट बघत राहिलो. पहिली ओळ कोण घेणार, हा प्रश्न कुणाच्या ध्यानातच आला नव्हता. इतकी वर्षं आम्हाला फक्त मागून म्हणायची सवय. ही तिच्याकडे बघते, ती हिच्याकडे. एकीनं तोंड उघडलं आणि मिटलं. पखवाजवाला थोडा वेळ वाजवत राहिला, मग त्याचाही हात थांबला.

मग कुणीतरी टाळ गोळा केले.